विरजण आणि मास्तर

विरजलेल्या दुधाचा आंबूस वास आला की हसनाबादची एक सारवलेली ओसरी आठवते. माझे वडील त्या गावात मिशनच्या शाळेचे मास्तर होते आणि शाळा सुटल्यावर घरोघरी येशूची गोष्ट सांगत. दोन वर्षांत मनापासून ऐकणारा एकच शेतकरी त्यांना मिळाला होता, म्हणून ते रोज त्याच्याकडे जात आणि बाप्तिस्मा कधी घेणार, असं विचारत. एके दिवशी त्यांनी मलाही सोबत नेलं, तेव्हा त्याची बायको ओसरीवर कोमट दुधाला विरजण लावत होती. तिच्याकडे बोट करून वडील म्हणाले, "विश्वास असाच असतो. चमचाभर पुरतो." ती हसली. "बराबर हाय, मास्तर. पण इरजण लावलं की आम्ही मडकं हालवत न्हाई. तुम्ही तर रोज येऊन ढवळून राह्यले. मंग दही लागंल कसं?" त्यानंतर वडील पुन्हा त्या ओसरीवर गेले नाहीत. सुगी संपल्यावर एका रविवारी प्रार्थना चालू असताना तो शेतकरी आपणहून आला आणि दाराशी बसला. वडिलांनी त्याला पाहिलं, डोळे मिटले आणि प्रार्थना तशीच पुढे चालू ठेवली. उठून त्याच्यापाशी न जाणं त्यांना किती जड गेलं असेल, हे मला आता, त्यांना माती देऊन आल्यावर कळतं आहे.