दुसऱ्या इंजिनाचं चाक

हिंदी मुलखातलं आमचं मराठी संस्थान विलीन झालं आणि वडिलांची पलटण मोडली. हवालदार होते; टोपी बाजारात कापडाच्या ठोक दुकानाबाहेर चौकीदार झाले. किला गेटजवळच्या आमच्या खोलीत चूल एकदाच पेटायची, रात्री सकाळचंच खायचं. मला कॉलेजात घातलं तेव्हा हसले ते आमचेच मराठी लोक. दरबारात कारकुनी केलेल्या घरांना शिपायाच्या पोरानं इंजिनियर व्हायला निघणं हा आगाऊपणा वाटायचा. मी पदवी घेतली. आमच्या घराण्यातली पहिली.

नवा प्रांत झाला तेव्हा मी बस दुरुस्तीच्या सरकारी कारखान्यात हंगामी होतो. राजधानी भोपाळला गेली, लहान डेपो बंद झाले, त्यांची मोडकी इंजिनं आणि सुटे भाग आमच्या आवारात येऊन पडले. माणसं जादा झाली होती, आणि काढायची तर हंगामी आधी, हे उघड होतं.

त्यातच मी जोडलेल्या इंजिनाची बस पहिल्याच चढावर धापा टाकत थांबली. झाकण लावण्याआधी टायमिंग मोजू द्या, असं मी म्हटलं होतं; फोरमननं वेळ नाही म्हणून मोजू दिलं नव्हतं. आता तोच सगळ्यांदेखत म्हणाला, "ग्रेजुएट साहब ने बनाया है, धक्का भी वही लगाएँगे."

सुपरिंटेंडेंट मराठी, जुन्या दरबारी घरातले. त्यांनी बोलावलं.

"तुमच्यात याआधी कोणी शिकलंय का हो?"

"नाही साहेब. मीच पहिला."

"तरीच. इंजिन उघडा, दोष दाखवा. तुम्हाला ठेवायचं की नाही, ते मग बघू."

कॅमशाफ्ट फिरतो तसे व्हॉल्व उघडतात, मिटतात. त्याच्या दातेरी चाकावरचा ठिपका पिस्टननं फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या चाकावरच्या ठिपक्यासमोर आला की टायमिंग जुळलं, असं धरतात. ठिपके समोरासमोरच होते.

"निशान से निशान मिला है," फोरमन म्हणाला. "और क्या चाहिए?"

मी अंश आखलेली पत्र्याची चकती क्रँकला लावली, तारेचा काटा केला. दोन्ही बाजूंनी फिरवून पिस्टन अगदी वर कुठे येतो ती जागा पक्की केली. मग क्रँक सावकाश फिरवला. हवा आत घेणारा इनलेट व्हॉल्व पुस्तकात दिल्यापेक्षा पुष्कळ उशिरा उघडत होता. फोरमननं मला दिलेलं कॅमचं चाक बंद डेपोच्या ढिगातलं, दुसऱ्या इंजिनाचं होतं. दाते तेवढेच, भोकंही जुळणारी, फक्त ठिपका निराळ्या जागी.

साहेबांना बोलावून दाखवलं. ते काही बोलायच्या आत फोरमन म्हणाला, "हुज़ूर, मैं तो पहले ही कह रहा था, नाप लो भैया."

"झूठ मत बोलिए," मी म्हणालो. "नापने आपने ही नहीं दिया था."

साहेब माझ्यावरच उखडले. "मोठ्या माणसाशी असं बोलतात? घरचं वळण दिसतंच आहे."

वडिलांचा त्यात काय संबंध होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी मूळ चाक हुडकून बसवलं, पुन्हा मोजलं, बस चढ चढून गेली. अहवालात शाबासकी मिळाली ती फोरमनला, त्याच्या दक्षतेबद्दल. माझं नाव त्यात नव्हतं.

पण मला काढता आलं नाही; चकतीनं मोजता येत होतं ते मलाच. मी त्या नोकरीत कायम झालो, आणि टायमिंग चकतीनं मोजल्याशिवाय इंजिनाचं झाकण लावायचं नाही, असा लेखी हुकूम कारखान्यात निघाला.