बंगळूरला गेलो आणि ल्युकच्या वडिलांचा पगार विचारला

रजा मंजूर झाल्याचा कागद हातात पडला आणि मी पोस्टातल्या पोस्टात दोनदा उठून पाणी प्यालो. पन्नाशीला टेकलेल्या खेड्यातल्या पोस्टमास्तराने एवढं हरखून जावं का? पण मिरजेपलीकडे मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. धाकटा भाऊ वसंत बंगळूरला सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहे. तो चार वर्षं बोलावत होता. बेत असा, की आठ दिवस त्याच्याकडे राहायचं आणि तिथून तिरुपतीला जायचं. बालाजीसाठी वर्षभर साठवलेले सत्तर रुपये वेगळ्या पिशवीत घालून कमरेला बांधले.

मिरजेहून तिसऱ्या वर्गाने जाणार असाल तर अंथरूण जवळ ठेवा आणि हुबळीला गाडी थांबते तेव्हा पोटभर जेवून घ्या. मी घरच्या दशम्यांवर भागवलं आणि रात्रभर खिडकीत बसलो. झोप येईना, इतका आनंद! सकाळी अरसिकेऱ्याला केळीच्या पानावर वाफाळती इडली मिळाली. चटणी इतकी तिखट, की शेजारचा कानडी म्हातारा माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "स्वल्प, स्वल्प!" म्हणजे थोडी थोडी घ्या. बंगळूरची हवा तर काय सांगू, एप्रिलात अंगावर उपरणं घ्यावंसं वाटलं.

वसंताचं बिऱ्हाड मल्लेश्वरमला. त्याच्या माडीवर दोन परदेशी विद्यार्थी भाड्याने राहात, टॉम अमेरिकन आणि ल्युक फ्रेंच. दोघेही जवळच्या विज्ञानसंस्थेत शिकत होते. पहिल्याच सकाळी वसंताने त्यांना कॉफीला बोलावलं. माझं इंग्रजी पोस्टाच्या फॉर्मपुरतं, म्हणून वसंत दुभाषा झाला. आमच्याकडे नव्या माणसाला आपुलकीने जे विचारतात तेच मी विचारलं. गाव कोणतं, भावंडं किती, वडिलांना पगार किती?

टॉम खूश झाला. वडिलांचं मोटारींचं दुकान आहे, घरी दोन गाड्या आहेत, वर्षाची कमाई इतकी, असं त्याने धडाधड सांगितलं. वर म्हणाला, "मी मात्र कॉलेजसाठी दोन वर्षं खानावळीत बश्या धुतल्या." घरी दोन गाड्या आणि मुलगा लोकांची उष्टी काढतो! मी थक्क झालो. तो ते अशा ऐटीत सांगत होता, जसा आमच्याकडे मुलगा पहिला नंबर आल्याचं सांगेल. मग त्याने मलाच विचारलं, "तुमचा पगार?" मीही सांगून टाकला, महागाईभत्त्यासकट.

ल्युक मात्र कानापर्यंत लाल झाला आणि कपात बघत राहिला.

"दादा, तू इथंही सुरू झालास?" वसंत मराठीत पुटपुटला. "त्यांच्याकडे चारचौघांत पैशाचं बोलत नाहीत."

"मग बोलतात तरी काय?"

"पुस्तकं, राजकारण, जेवण. शिक्षणाचा खर्चही बहुतेक सरकारच करतं तिथं. पैशाचा विषय काढणं असभ्य समजतात."

पुढचे दोन दिवस मी लालबागेत फिरलो, मसाला डोसा खाल्ला आणि बाजारात फुलांचे ढीग बघून वेडा झालो. पण रोज सकाळी एक गोष्ट डोळ्यांत भरत होती. पोस्टमन यायच्या वेळी ल्युक फाटकाशी उभा असे आणि त्याच्या हातात टोपण काढलेलं पेन असे. पंचवीस वर्षं पोस्टात काढलीत मी. साध्या पत्राची वाट बघणारा हात पुढे करतो. पेन काढून उभा राहतो तो सही करून घ्यायच्या टपालाची वाट बघत असतो, आणि त्यात बहुधा पैसा असतो.

रविवारी आम्ही चौघे देवनहळ्ळीचा किल्ला बघायला निघालो. बस खच्चून भरलेली, कंडक्टर "मुंदे होगी, मुंदे!" करत आम्हाला पुढे ढकलत होता. वसंताने चार तिकिटं मागितली, तर टॉमने आपले पैसे थेट कंडक्टरच्या हातावर ठेवले.

"अरे, तू पाहुणा आहेस!" वसंत रागावला.

"पाहुणा घरी. बसमध्ये मी प्रवासी."

ल्युकने वसंताला तिकीट काढू दिलं, मान खाली घालून.

किल्ला जरूर बघा. तटावर चढलं की चहूकडे शेतं आणि दूर नंदीचा डोंगर दिसतो. मी तटावरून लहान पोरासारखा धावलो! खाली एक बाई पपनस विकत होती. टॉमने बोटं नाचवून तिच्याशी घासाघीस केली आणि दोन पैसे कमी झाल्यावर टाळ्या वाजवल्या. ल्युक म्हणाला, "मला भूक नाही." त्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती.

ल्युक पुढे गेल्यावर मी वसंताकरवी टॉमला त्याच्याबद्दल विचारलं.

"घरून येणारा ड्राफ्ट दोन महिने आला नाही," टॉम म्हणाला. "खानावळ बंद केलीय त्याने. मी म्हटलं, माझ्याकडून घे, कागदावर लिहून ठेवू. तर तीन दिवस बोलला नाही माझ्याशी! या महिन्याच्या बोटीने परत जाणार म्हणतो. इतकं हुशार पोरगं. नुसतं माग म्हणावं, त्यात काय आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काडु मल्लेश्वराच्या देवळात बसलो. कमरेची पिशवी हाताला लागत होती. वर्षभर एकेक रुपया टाकताना मी बालाजीचं नाव घेतलं होतं. मागायला ल्युकला येत नव्हतं आणि उसने म्हणून तो घेणार नव्हता. तासभर बसलो. देवाने काही सांगितलं असं म्हणणार नाही. उठताना मात्र पाय हलके होते.

मंगळवारी वसंताकडे सत्यनारायण होता. मी टॉम आणि ल्युक दोघांनाही जेवायला बसवलं. जेवणानंतर विड्यावर सव्वा सव्वा रुपया ठेवून दोघांच्या हातात दिला. ल्युकच्या पानांखाली सत्तर रुपयांची घडी होती.

"पण दक्षिणा भटजींना देतात ना, भावजी?" वसंताची बायको सुमन कुजबुजली.

"देवापुढे जेवला त्याला द्यायची. विड्यासोबतची दक्षिणा परत करत नाहीत, एवढं त्यांना सांगा."

टॉमने रुपया उजेडात धरला. "याच्याबद्दल काम काय करायचं?" काही नाही म्हटल्यावर तो अस्वस्थ झाला, आणि थोड्या वेळाने मोरीतून सुमनची किंकाळी आली, "अहो भावजी, धावा! पाहुणा ताटं घासतोय!" ती एका बाजूने ताट ओढतेय, तो दुसऱ्या बाजूने. हसून आमची पोटं दुखली.

ल्युक पाटावरच बसून होता. पानांखालची घडी त्याच्या बोटांना लागली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी देवाकडे पाहिलं. मग त्याने विडा दोन्ही हातांनी कपाळाला लावला, सुमनला बघून शिकला असावा, आणि शिरा मागितला. तीनदा मागितला.

मी तिरुपतीला न जाता परतीची गाडी धरली. पुढे वसंताचं पत्र आलं, की ड्राफ्ट उशिरा का होईना आला, ल्युक राहिला, आणि परीक्षाही झाली. दोन पोरांवरून दोन देश ओळखायला निघालो तर माझ्यासारखा मूर्ख मीच. पण टॉमला घेणं जड जात नव्हतं, फुकट घेणं जात होतं. आणि ल्युकला पैसे घेण्यापेक्षा पैशाबद्दल बोलणं जड होतं.

घरी पोचलो तशी बायकोने विचारलं, "दर्शन कसं झालं?"

"गेलो नाही."

"आणि पैसे?"

आयुष्यभर बाजारात उभा राहून जगाला पगार विचारणारा मी! कानापर्यंत तापलो आणि चहाच्या कपात बघत राहिलो.

"हरवले नाहीत ना?"

"नाही."

"मग चहा घ्या, गार होतोय," ती म्हणाली, आणि बंगळूरच्या फुलबाजाराबद्दल विचारू लागली.