खिंडीपर्यंत

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस संशयी होतो, तसा तोही झाला होता. सव्वीस वर्षं उंच इमारतींच्या काळोख्या पोकळीत काम करून त्याला सवयच लागली होती, दोर नवाकोरा असला तरी हाताने चाचपल्याशिवाय त्याखाली उभं राहायचं नाही. घरी गॅस बंद आहे ना, हे तो दोनदा बघायचा. बायको म्हणायची, ह्यांचं तोंड कधीच पोळलेलं नाही, तरी ताक फुंकून पितात.

अशा माणसाने एकोणपन्नासाव्या वर्षी ट्रायथलॉनला नाव दिलं. डोंगरातल्या थंड तळ्यात दोन किलोमीटर पोहायचं, खिंड ओलांडत नव्वद किलोमीटर सायकल मारायची आणि मग एकवीस किलोमीटर पळायचं. हे वेड मुळात त्याचं नव्हतंच. ते त्याच्या मेहुण्याचं, बायकोच्या धाकट्या भावाचं. धाकटा तरणतलावावर जीवरक्षक होता, आणि दोन वर्षांपूर्वी याच शर्यतीच्या सरावात, याच तळ्यात त्याचा जीव गेला होता.

त्या सकाळी दोघं मिळून जाणार होते. एकाने पोहायचं, दुसऱ्याने काठावरून नजर ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता. पण एका दवाखान्यातली लिफ्ट माणसांसकट अडकली आणि लिफ्टवाल्याला तिकडे धावावं लागलं. धाकट्याने फोन केला, भावोजी, थांबू की उतरू? हा एका हाताने दार उचकटत होता. म्हणाला, "तू हो पुढे." तो पोचला तेव्हा काठावर नुसते कपडे होते. गार पाण्यात श्वास कोंडला असावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आपण काय बोललो होतो, ते त्याने घरात कुणालाच सांगितलं नाही.

त्याने शर्यतीचं बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "जायचं तर जा. पण परत या."

त्याने तयारी लिफ्टसारखीच केली, एकेक भाग तपासून. आधी हृदयाची तपासणी. डॉक्टर हसून म्हणाले, शिर सलामत तर पगडी पचास, घाई करू नका. दर आठवड्याला अंतर थोडंच वाढवायचं, अंग दुखलं की सुट्टी. तळ्यात एकट्याने कधीच नाही. तरणतलावावरची एक शिक्षिका होडीतून सोबत यायची. कमरेला नारिंगी फुगा, डोक्याला भडक टोपी. पाण्यात शिरताना आधी तोंडावर पाणी मारायचं, श्वास जागेवर येईपर्यंत नुसतं तरंगायचं, मगच हात मारायचा. प्रत्येक वेळी तरंगताना त्याला वाटायचं, एवढं दीड मिनिट कुणीतरी धाकट्याला थांबवायला हवं होतं.

सासूबाई त्यांच्याकडेच राहत. तो ओला टॉवेल वाळत घालायचा तेव्हा त्या खिडकीतून बघत आणि अधूनमधून तेच विचारत, त्या दिवशी माझ्या पोराबरोबर कुणीच कसं नव्हतं? बायको विषय बदलायची. तो चिमटे लावत राहायचा.

शर्यतीच्या दिवशी तळ्यावर धुकं होतं. पोहणं नीट पार पडलं, अगदी शेवटच्या पाचांत का होईना. पण चढावर पाऊस लागला, आणि खिंडीत पोचेपर्यंत अंगातली ऊब संपली. जाकीट घातलं, सुका मेवा खाल्ला, दहा मिनिटं आडोशाला थांबला. तरी दात वाजायचे थांबेनात. त्याने ब्रेक दाबून पाहिला. बोटं वळलीच नाहीत. पुढे चौदा किलोमीटरचा निसरडा उतार होता. मोटारसायकलवरचा स्वयंसेवक म्हणाला, काका, हळूहळू गेलात तर जमेल.

"ब्रेक दाबता येत नसेल तर खाली जायचं नाही," तो म्हणाला आणि छातीवरचा नंबर काढायला लागला. तोही त्या बोटांनी निघेना. शेवटी स्वयंसेवकाने काढला.

आयोजकांच्या गाडीने त्याला खाली आणलं. अंतिम रेषेपाशी बायको छत्री धरून उभी होती. आपल्या गाडीत बसवून तिने त्याच्याभोवती घोंगडी गुंडाळली आणि हीटर लावला. सुटकेने तिचे डोळे भरून आले होते, आणि तेच त्याला सोसवेना.

"त्याने मला फोन केला होता," तो म्हणाला. "थांबू का, असं विचारलं होतं. मी म्हटलं, तू हो पुढे."

तिने घोंगडीवरचा हात काढून स्टिअरिंगवर ठेवला.

"आईला कळता कामा नये," ती म्हणाली. मग गाडी रस्त्याला लावली. वाटेत तिने फक्त एकदा विचारलं, ऊब आली का. त्याने मान हलवली.

घरी सासूबाईंनी दार उघडलं. पाणी फार गार होतं का, विचारलं. होतं, तो म्हणाला.

"आणि बरोबर कोण होतं?"

"चार होड्या होत्या. सगळीकडे माणसं होती."

"मग ठीक," म्हणून त्या आत गेल्या. बायको स्वयंपाकघरात चहाचं पाणी तापवत होती. तो टेबलापाशी जाऊन बसला. तिने कप दोनच काढले, एक आईसाठी, एक स्वतःसाठी. जरा वेळाने तिसरा काढला, त्याच्यापुढे ठेवला आणि त्याच्याकडे न बघता खुर्ची ओढून बसली.