फळीला तेल

माझी पुतणी समुद्राच्या लाटांवर फळी टाकून तिच्यावर उभी राहते आणि त्यासाठी देशोदेशी स्पर्धांना जाते. खंडेनवमीला ती मुरबाडला घरी होती, संध्याकाळच्या जीपने परत स्पर्धेला निघणार होती. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, विळे, कोयते धुऊन, तेल लावून पुजतात. तिची फळी मेणानं बरबटलेली दिसली. मी गरम पाण्यानं मेण खरवडलं, खोबरेल तेल चोळलं, हळदकुंकू वाहिलं आणि शाबासकीसाठी तिला हाक मारली.

तिनं कपाळावर हात मारला. "काका, पाय घसरू नये म्हणून असतं ते मेण! आता हिच्यावर उभी राहू का वडे तळू?"

"यांनी जल्मात नांगर धरला नाय, आन पूजा अवजारांची!" बायको ओट्यावरून म्हणाली.

तेल निघेपर्यंत मी दुपारभर साबण घासला. पुतणीनं नवं मेण लावलं, फळी पेंढ्यावर ठेवली आणि पकड बघायला माझे पाय ओले करून मलाच वर चढवलं. सगळी आळी जमली.

"वाका काका, हात पसरा!"

मी वाकलो. पोट डुललं, पाय मात्र जागचे हलले नाहीत. तेव्हा कुठे तिनं फळी पिशवीत भरली.