जळलेल्या डोंगराचं पाणी

सुमे, सरक जवळ. आत्याचं ऐकायला सवडच न्हाई तुला!

आज डोंगराचं गवत पुन्हा कुणी पेटवलंय. गावात पहिला रंगीत टीव्ही आलता, त्या उन्हाळ्यात असंच पेटवलं होतं, शेळ्यांना कोवळं गवत फुटावं म्हणून. मग एका दुपारी वळीव डोंगरावरच कोसळला. गावात थेंब न्हाई. माझी जाऊ गंगू ओढ्यात गोधड्या धूत होती.

"गंगे, पाणी काळं येतंय, वर ये!" मी काठावरनं हाक मारली.

"राखेचं हाय अक्का, गोधड्या उजळ निघतील!" ती हसली.

मागून दगडमातीचा लोंढा आला. गोधडी बाभळीला अडकलेली सापडली, गंगू न्हाई.

तवा देवाचा कोप वाटला. आता कळतंय, उघड्या डोंगरानं पाणी धरलंच न्हाई.

तुझं घर त्याच ओढ्याकाठी. वळवाच्या आत लेकरं घेऊन माझ्याकडं राहायला ये गं.