दोन मंगलाष्टकं राहिली होती

सांगतो, पण आधी चहा संपवा. मधेच ठसका लागला तर नाव माझंच येईल, आणि माझ्या डोक्यावर आधीच एक लग्न आहे.

मी निलंग्याच्या बँड पार्टीत ट्रम्पेट वाजवतो. नववीत शाळा सुटली तेव्हापासून. शेजारी दुसऱ्या ट्रम्पेटवर गजू. मी बोलत नाही आणि गजू थांबत नाही. दोघांचं मन मात्र एकाच ठिकाणी अडकलेलं. किल्लारीच्या बँडमध्ये माइकवर गाणारी रेणुका. एका लग्नात तिनं मला विचारलं होतं, "पाणी हाय का?" मी म्हणालो, "हाव." आणि द्यायचंच विसरलो. ते गजूनं दिलं.

सीझन संपला की तिचे वडील तिचं जमवणार, ही बातमीही गजूनंच आणली. म्हणजे सांगायचं ते याच महिन्यात.

त्यातच मोबाईलवर एक जुना इंग्रजी सिनेमा सापडला, काळा-पांढरा. दोन वाजवणारे, एकच पोरगी. मला इंग्रजी येत नाही, पण वाजवणं कळतं. दोघं एकमेकांच्या खोड्या काढतात, पोरगी कुणाकडंच बघत नाही. शेवटी सगळा हॉल शांत असताना एकजण उठून एकटाच वाजवतो, आणि पोरगी मान वळवते. झालं. तोंडानं एक शब्द बोलावा लागत नाही. हा सिनेमा माझ्यासाठीच काढला असणार, नाही का? ती धून मी शेतात जाऊन पंधरा दिवस बसवली.

पुढचं लग्न होतं निलंग्याच्या नवरीचं. नवरदेव किल्लारीचा, त्यानं त्यांचा बँड आणलेला. मांडवात इकडं आम्ही, समोर ते. रेणुका बरोबर माझ्यापुढं. आता लग्नात शांतता कुठून आणायची? ती एकदाच असते, मंगलाष्टकं चालू असताना.

भटजी दम घ्यायला थांबले. मी वाजवलं.

बँडवाल्यानं जे कधीच विसरू नये तेच मी विसरलो. लग्न लागलं हे आमच्याकडं लोकांना भटजींमुळं कळत नाही, बँडमुळं कळतं. ट्रम्पेट वाजला की अक्षता उडतात आणि मांडव जेवायला पळतो.

माझे तीन सूर झाले नाहीत तोवर ढोल सुरू, समोरचा बँड सुरू. अक्षता पडल्या. नवरदेवानं घाईनं वरूनच हार टाकला, तो अंतरपाट धरणाऱ्याच्या गळ्यात. भटजी ओरडत राहिले, "अहो, दोन मंगलाष्टकं राहिलीत." ऐकतो कोण? नवरीचा बाप डोकं धरून खाली बसला, नवरी रडायला लागली.

शेवटी रेणुकेनं माइक घेतला. "मंडळी, ताटं खाली ठेवा. लगीन लागायचंय अजून."

लोक परत आले. अक्षता संपल्या होत्या, म्हणून दुसऱ्यांदा बुंदी पडली.

मग रेणुकेनं मान वळवली, अगदी सिनेमातल्यासारखी. मला बघितलं आणि गजूला विचारलं, "ह्यो कोण हाय?"

"आमचाच हाय," गजू म्हणाला. "नवा हाय."

मला बँडमध्ये सहा वर्षं झाली होती. आमच्या बँडमास्तरांनी ट्रम्पेट काढून घेतला आणि हातात झांज दिली.

तिची माफी मागावी असं वाटत होतं, पण जायची लाज. म्हणून गजूलाच पाठवलं. "माझ्याकडून सांग, चूक झाली म्हणावं."

"सांगतो की लेका."

पहिल्यांदा आला तर म्हणे घरी नव्हती. दुसऱ्यांदा म्हणे अर्धीच सांगून झाली. चौथ्यांदा नवा शर्ट घालून गेला. एका माफीला चार फेऱ्या लागतात? शर्टही माझाच होता.

लग्न किल्लारीत झालं. आदल्या दिवशी मास्तरांनी ट्रम्पेट परत दिला. दुसरा वाजवणारा बोहल्यावर होता ना. म्हणाले, "मी खुणावल्याबिगर तोंडाला लावलास तर बघ."

शेवटचं मंगलाष्टक झालं. अंतरपाट खाली आला. रेणुकेनं मान वर केली आणि गजूकडं बघितलं. मास्तरांनी खूण केली. मी वाजवलं. अक्षता उडाल्या, लोक जेवायला उठले.

पंगतीत मास्तर शेजारी बसले. माझ्या ताटात बुंदी वाढायला लावून म्हणाले, "आज बरोबर टायमावर वाजवलंस बघ."