टोपल्याला लागलेला हात

हिवरखेडच्या मैनाबाईला कुणी 'जाऊ दे' म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. गरिबानं जाऊ द्यायचं आणि थोरानं घेत राहायचं, हा कुठला न्याय? बरोबरच होतं बाईचं.

कापूसवेचणीच्या पहिल्या सकाळी खुशालराव पाटलांच्या वावरात जुना खेळ होई. निंबाला टोपलं टांगायचं, चिंध्यांचा चेंडू त्यात फेकायचा. जिचा चेंडू आत राहील, ती हंगामभर बायांच्या पुढं. बायांनी कधी थांबायचं, कधी पाणी प्यायचं, ते तिनं ठरवायचं. गेल्या साली हा मान पाटलीणबाई दुर्गाबाईंकडे गेला, आणि त्यांनी बायांना मान वर करू दिली नाही. विलायतेतल्या गिरण्यांना कापूस पुरेना, भाव चढलेला, खरेदीला आलेला दलाल बांधावर ठाण मांडून. मग कसला दम खाऊ देतात! औंदा मैनाबाईची सून सुभद्रा महिन्याचं लेकरू घेऊन वेचायला आली होती.

दुर्गाबाईंचा चेंडू हुकला. मैनाबाईचा टोपल्याच्या काठावर जाऊन डुगडुगला. तेवढ्यात दुर्गाबाईंनी हात घातला, टोपलं हललं आणि चेंडू खाली.

"टोपलं वाकडं झालं होतं, सारकं करून राहिली होती," त्या म्हणाल्या.

पंच खुशालराव. बायकोकडे बघत त्यांनी घसा खाकरला. "हात टोपल्याले लागला, चेंडूले नाई. जाऊ दे मैनाबाई, पुन्हा फेक."

"कावून फेकू? चेंडू काठावर असतानी टोपलं हालवलं, तं चेंडूलेच हात लावला ना! आतच धरा."

"तो बाहीरच पडत होता," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मंग पडू द्याचा होता! आज मी पुन्हा फेकला, तं उद्या जे ते हात घालीन."

"वावर कोनाचं हाये, मैनाबाई?"

"वावर तुमचं, कापूसबी तुमचा. वेचनारे हात आमचे हायेत, पाटलीनबाई."

एवढं बोलून मैनाबाईनं कापूस ठेवायला पदर खोचून ओटी केली आणि कुणाला न विचारता सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली. एकेक करत बाया तिच्यामागं गेल्या. खुशालरावांनी बांधावर कापसाची वाट पाहणाऱ्या दलालाकडे पाहिलं आणि निंबावरचं टोपलं उतरवलं.

कापसाच्या ओळींची पहिली पात अर्धी वेचून होत नाही तोच निंबाखाली लेकरू रडलं.

"जाऊ नोको सुभद्रे, पात पुरी होऊ दे!" दुर्गाबाई ओरडल्या.

मैनाबाई काळ्या मातीत ऐसपैस खाली बसली. मागं सगळ्या बसल्या.

"जाय व सुभद्रे, पोटभर पाज त्याले," ती म्हणाली. "तोवर कोनी उठत नाई."